अहाते बंद झाले, मग गुन्हे कमी झाले का? इंदूरहून एक लांबलचक उत्तर

मधूनच वाचायला आलेल्यांसाठी आधी प्रश्न थोडक्यात. इंदूरच्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्या कॉलनीच्या तोंडाशी कलारी (दारूचं दुकान) आहे, एप्रिल २०२३ मध्ये तिचा अहाता (दुकानालगतची बसून प्यायची जागा) बंद झाला तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले, पण आता तेच लोक बाटली घेऊन त्यांच्याच गल्लीत येतात, बंद दुकानांच्या ओट्यांवर नाहीतर गाडीत बसून पितात, क्लासहून परतणाऱ्या मुलींना रस्ता बदलावा लागतो आणि दोनदा चांगली मारामारीही झाली. वर पेपरात आलं की शहरात आबकारीच्या केसेस वाढल्या. मग नियम कडक केले की गुन्हे कमी होतात की वाढतात? आणि रहिवासी संघ कलेक्टरांना निवेदन देणार आहे तर त्यात काय मागायचं, दुकान हटवा म्हणायचं की अहाता परत उघडा?

माझं सांगायचं तर मध्यप्रदेश पोलिसात ३२ वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा क्राइम रेकॉर्डमध्ये. काम असं की थान्याथान्यातून आकडे यायचे ते जोडायचे, वर पाठवायचे, आणि वरून 'ये क्यों बढ़ गया' म्हणून फोन आला की खाली फोन करून कारण शोधायचं. आता निवृत्त आहे, रामबागेत राहतो, सकाळी पोहे खाऊन झाले की दुसरं काम नसतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

ताई, 'कडक की सैल' असा विचार केला तर आपण फसतो. परवान्याचा नियम म्हणजे दारू कोण विकणार, कुठे विकणार, किती वाजेपर्यंत विकणार आणि गिऱ्हाईक ती कुठे बसून पिणार, एवढंच. २०२३ च्या धोरणात ह्यातलं मुख्यतः शेवटचं बदललं. राज्यातले अडीच हजारांवर अहाते बंद झाले, शाळा-मंदिरापासूनचं अंतर ५० मीटरवरून १०० केलं, पण दुकान तिथेच राहिलं, बाटली तीच, रात्री साडेअकराच्या सुमारास पडणारं शटरही तेच. म्हणजे पिणारा माणूस कमी नाही झाला, त्याची बसायची जागा गेली. तो उठून कुठे जाणार? घरी गेला तर घरच्यांच्या वाट्याला, नाही गेला तर तुमच्या गल्लीच्या वाट्याला. तुम्ही जे बघताय ते नियम फसल्याचं लक्षण आहे असं मी लगेच म्हणणार नाही, नियम अर्धाच झाल्याचं मात्र नक्की आहे.

आता पेपरातल्या त्या बातमीकडे येऊ, कारण तिथेच बहुतेक लोक घसरतात. आबकारीच्या केसेस वाढल्या म्हणजे दारूचे गुन्हे वाढले असं नसतं हो. चोरीची तक्रार ज्याचं चोरीला गेलं तो करतो, मारामारीची तक्रार ज्याचं डोकं फुटलं तो करतो. पण रस्त्यावर पिण्याची किंवा दोन पेट्या लपवून विकण्याची तक्रार करायला बहुधा कुणी थान्यात येत नाही, ती केस पोलीस किंवा आबकारीवाले स्वतः बाहेर पडून बनवतात. मोहीम काढली की केसेस वाढतात, बंदोबस्तात अडकले की कमी होतात. आमच्याकडे अभियान लागलं की प्रत्येक थान्याला सांगितलं जायचं, आज इतक्या कारवाया पाहिजेत, आणि संध्याकाळपर्यंत तितक्या यायच्याच. एका थान्यातून (नाव नको) सलग चार महिने आकडा तोच, एकाने कमी नाही की एकाने जास्त नाही, तेव्हा मीच टीआय (थाना प्रभारी) साहेबांना फोन करून म्हटलं की साहेब, निदान एखाद्या महिन्यात एक तरी कमी पकडा, बघायला बरं दिसतं.

ह्यातलीच अजून एक गंमत. आपल्या आबकारी कायद्यात, जो १९१५ चा आहे, ५० लिटरच्या वर माल सापडला तर कलम ३४(२) लागतं आणि जामीन अवघड होतो, त्याखाली ३४(१), जे थान्यातूनच सुटण्यासारखं. देशीच्या पेटीत ५० पाव, पाव म्हणजे १८० मिली, म्हणजे पेटी नऊ लिटरची. पाच पेट्या ४५ लिटर, सहा झाल्या की ५४. त्यामुळे गल्लीत विकणाऱ्याला हा पाढा आपल्यापेक्षा पक्का पाठ असतो, तो एका ठिकाणी सहावी पेटी ठेवतच नाही. आणि तक्त्यात ३४(१) च्या केसेसचा ढीग दिसला की पेपरवाले लिहितात छोटे विक्रेते वाढले. वाढले असतीलही, पण त्या ढिगावरून ते सिद्ध होत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, दारूच्या नियमाचा गुन्ह्यांवर परिणाम बघायचा असेल तर आबकारीचे आकडे बाजूला ठेवा आणि जिथे कुणीतरी जखमी झालंय, घाबरलंय, ज्याने स्वतः फोन केलाय ते आकडे बघा. आमच्याकडे जुन्या काळी भांडणाची ठरलेली आयपीसीची तिकडी होती, २९४, ३२३, ५०६, म्हणजे शिवीगाळ, मारहाण, जिवे मारण्याची धमकी. इंदुरात कुठलीही गल्लीतली भांडणं असोत, एफआयआरमध्ये ही तीन कलमं दिसणारच. आणि दारूचं खरं कलम, जे बाहेरच्यांना माहीत नसतं, ते म्हणजे ३२७. कायद्यात ते मारहाण करून पैसे उकळण्याचं आहे, पण आमच्याकडे ते जवळजवळ एकाच वाक्यासाठी लागायचं, 'शराब पीने के लिए पैसे मांगे, नहीं देने पर मारपीट की'. इंदूरच्या कुठल्याही पेपरचं आतलं पान उघडा, आठवड्यातून एकदा तरी ही बातमी असतेच. तुम्हाला शहरातल्या दारूच्या त्रासाची नाडी बघायची असेल तर हे कलम बघा.

पण थांबा, इथेही खड्डा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि सगळे नंबर बदलले. ३२३ चं ११५(२) झालं, २९४ चं २९६, ५०६ चं ३५१, आणि आपलं ३२७ आता ११९(१). कुणी जुन्या नंबरानेच आकडे काढले तर त्याला वाटेल इंदूरमध्ये रामराज्य आलं. हसू नका, असे चार्ट मी पाहिलेत.

आणि त्याच्या आधीचा खड्डा ९ डिसेंबर २०२१ चा, त्या दिवशी भोपाळ आणि इंदूरला पोलीस कमिश्नर पद्धत सुरू झाली. प्रतिबंधात्मक कारवाई, जिलाबदर (तडीपारी), बाँड ओव्हर (चांगल्या वागणुकीची हमी लिहून घेणं) हे अधिकार पोलिसांकडे आले, अधिकारी वाढले, कामाची पद्धत बदलली. म्हणजे अहाते बंद झाल्याची तारीख, १ एप्रिल २०२३, दोन मोठ्या बदलांच्या मधोमध बसलीय. वरून नोव्हेंबर २०२३ मध्ये विधानसभा आणि २०२४ च्या मे महिन्यात इंदूरची लोकसभा. निवडणूक आली की गुंड आत, जप्त्या जोरात, मतदानाआधी ४८ तास ड्राय डे. आता ह्या सगळ्या खिचडीतून कुणी छातीठोकपणे म्हणत असेल की अहाते बंद केल्याने इंदूरचा गुन्हा इतके टक्के कमी झाला किंवा वाढला, तर त्याला माझा नमस्कार सांगा.

मग मोजताच येत नाही का? येतं की. शहराचा एकूण आकडा घेऊन नाही येत, पण तुलना करून येतं. समजा तुमच्या थान्यात मारहाणीचे महिन्याला ४० गुन्हे होते ते अहाता बंद झाल्यावर ३४ झाले. कुणीही म्हणेल वा, १५ टक्के कमी. पण जरा लांबचं एक थाना घ्या, तशीच वस्ती, तशीच कलारी, पण तिथे अहाता कधी नव्हताच. तिथे ५० चे ४३ झालेत. म्हणजे तिथेही १४ टक्के कमी, काहीही न करता. मग तुमच्या १५ मधलं अहात्याचं श्रेय किती उरलं? जवळपास शून्य. पेपरात फक्त पहिलं वाक्य छापून येतं, दुसऱ्यासाठी कुणी कष्ट घेत नाही. आणि हो, एका गल्लीत तीनाच्या जागी एक मारामारी झाली तर ते ६७ टक्के कमी झाल्याचं सांगू नका, इतक्या छोट्या आकड्यात योगायोगच जास्त असतो. मी लांबचं थाना म्हटलं त्यालाही कारण आहे, अगदी शेजारचं घेतलं तर तुमच्याकडून उठून गेलेले पिणारे तिथेच जाऊन बसलेले असतात, मग तुलना कुणाची कुणाशी करणार?

हे उठून जाणं फार महत्त्वाचं आहे. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मंडलेश्वर धरून १९ ठिकाणी दारूची दुकानं आणि बार बंद केलेत. बंदी विक्रीवर आहे, बिहारसारखी पिण्यावर नाही. (काळभैरवाला दारूचाच नैवेद्य लागतो, त्यामुळे उज्जैनकरांची जरा पंचाईतच.) तिथल्या गुन्ह्यांवर काय परिणाम झाला हे कुणाला बघायचं असेल तर नुसतं उज्जैन शहराचे आकडे घेऊन चालणार नाही, हद्दीबाहेर जे पहिलं दुकान लागतं त्या थान्याचे आणि मधल्या रस्त्यावरच्या अपघातांचे आकडेही सोबत घ्यावे लागतील, कारण पिऊन परत येणारा मोटरसायकलवरच येणार. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू नको म्हटलं, तेव्हा देशभर काय काय झालं आठवतं ना? कुठे दुकान मागच्या वस्तीत सरकलं, कुठे सरकारनेच हायवेचा दर्जा काढून शहरी रस्ता करून टाकला. दारू पाण्यासारखी असते, उताराकडे जाते, आपण फक्त उतार कुठे हे बदलतो.

आता मुख्य मुद्दा. परवान्याच्या त्या चार गोष्टींपैकी (कोण विकणार, कुठे, किती वाजेपर्यंत, कुठे बसून पिणार) कुठली बदलली तर मारामारी खरोखर कमी होते? माझा अनुभव आणि जगभरचा अभ्यास दोन्ही एकाच बाजूला झुकतात, आणि ते म्हणजे वेळ. रात्री विक्री किती वाजता थांबते.

ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या शेजारी दियादेमा नावाचं गाव आहे, कारखान्यांचं, आपल्या जुन्या मालवा मिल-पाटनीपुरासारखं म्हणा. तिथे खून फार व्हायचे. त्यांनी खून कुठे आणि किती वाजता होतात ते नकाशावर मांडलं तर बहुतेक बारच्या आसपास आणि रात्रीचे निघाले. मग जुलै २००२ पासून सगळे बार रात्री ११ ते सकाळी ६ बंद. दुकानं तीच, दारू तीच, फक्त वेळ. नंतरच्या अभ्यासात महिन्याला साधारण नऊ खून कमी झाल्याचा हिशोब निघाला, म्हणजे जवळजवळ ४४ टक्के. कुणी म्हणेल की त्या काळात अख्ख्या साओ पावलोतच खून कमी होत होते, आणि ते बरोबर आहे, सगळं श्रेय बारच्या कुलपाला देता येणार नाही. पण त्यांनी नियम कागदावर ठेवला नाही, आधी सहा महिने बारवाल्यांना भेटून सांगितलं आणि नंतर रोज रात्री तपासणी केली, आणि मला वाटतं निम्मी कमाल त्याचीच आहे.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये २००८ मध्ये पहाटे ५ ला बंद होणारे पब साडेतीनला बंद करायला लावले, तिथे रात्रीच्या मारहाणी साधारण ३७ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि त्यांनी शेजारच्या एका भागाशी तुलना करून हे काढलं, जे मी वर सांगत होतो तेच. नॉर्वेत १८ शहरांचा हिशोब झाला, तिथे शहरागणिक एखाद-दोन तास पुढेमागे झाले होते, तर एक तास वाढला की रात्रीच्या मारहाणी साधारण १६ टक्के वाढतात असं दिसलं. सिडनीने २०१४ मध्ये ठराविक भागात दीडनंतर आत प्रवेश नाही आणि तीननंतर ग्लास नाही असा नियम केला, किंग्ज क्रॉस भागात मारहाणी पहिल्या अभ्यासात ३२ टक्क्यांनी उतरल्या. पण तिथे हॉटेलवाले, गाणी-बजावणीवाले ओरडले, रात्रीचा धंदा बसला, २०२० मध्ये बहुतेक भागात नियम मागे घेतला. म्हणजे फायदा झाला तरी किंमत कुणीतरी मोजतच असतं, हे आपण निवेदन लिहिणाऱ्यांनी विसरू नये.

आणि उलटं उदाहरण इंग्लंडचं. तिथे पूर्वी साधारण ११ ला सगळे पब एकदम बंद, सगळे प्यालेले एकाच वेळी रस्त्यावर, टॅक्सी आणि खाण्यासाठी रेटारेटी, मारामारी. म्हणून नोव्हेंबर २००५ पासून नवा परवाना कायदा आणला, ज्याला जितका वेळ उघडं ठेवायचं तितकी परवानगी मागू दे, म्हणजे लोक हळूहळू बाहेर पडतील. पेपरवाले म्हणाले आता प्रलय येणार, सरकार म्हणालं आता सगळे सभ्य होणार. दोन-अडीच वर्षांनी सरकारी मोजणी झाली तर दोन्ही नाही. एकूण हिंसा फारशी वाढली नाही, पण पहाटे ३ ते ६ ह्या वेळेत वाढली. गुन्हा मेला नाही की जन्मला नाही, तो घड्याळात सरकला. मला हे उदाहरण सगळ्यात जास्त आवडतं, कारण आपल्याकडेही तसंच होतं, फक्त घड्याळाच्या जोडीला जागाही सरकते.

आपलंच बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये बीआरटीएसच्या (शहर बसच्या वेगळ्या मार्गाच्या) दोन्ही बाजूंची दुकानं-हॉटेलं रात्रभर उघडी ठेवायची परवानगी मिळाली, आयटीवाल्या मुलांसाठी म्हणून. बार आणि दारूच्या दुकानांना त्यात सूट नव्हती. तरी रात्रीचे राडे, दारू पिऊन मुलामुलींचे तमाशे, व्हिडिओ, आणि जुलै २०२४ मध्ये परवानगी काढून घेतली. (२०२५ मध्ये तर बीआरटीएसच तोडायला काढलं, इंदूर आहे, काहीही होऊ शकतं.) त्यात दारू विकायला कुणी उघडं नव्हतं पण बसायला जागा उघडी होती, आणि साडेअकराच्या आत घेतलेली बाटली रात्री दोनपर्यंत पुरते. तुमच्या गल्लीचं गणित ह्याहून वेगळं नाही.

मग अहाता परत उघडा म्हणू का, असं तुम्ही विचारलंय. खरं सांगू? पोलिसांना अहाते आवडायचे. फरारी माणूस शोधायचा तर संध्याकाळी अहात्यात मुखबिर (खबरी) बसवायचा, दोन दिवसांत सापडायचा. चार भिंती असायच्या, एक जवान दाराशी उभा केला की भागायचं. पण बंद व्हायच्या वेळेला तिथून शंभर-दीडशे माणसं एकदम बाहेर पडायची, पाचशे रुपयांची उधारी, कुणाच्या बहिणीवरून बोललेलं, सगळं बाहेरच्या दहा मिनिटांत निघायचं, चाकूबाजीच्या कितीतरी केसेस त्याच दहा मिनिटांतल्या. त्यामुळे अहाता बंद करणं चुकलं असं मी म्हणणार नाही. चुकलं ते हे की अहात्याच्या जागी काय, ह्याचा विचार झाला नाही. आणि दुसरं म्हणजे अहाता खरं तर बंद झालाच नाही. कलारीपासून तीस पावलांवर जो माणूस डिस्पोजल ग्लास, पाण्याचे पाऊच, शेव आणि उकडलेली अंडी विकतोय ना, तोच अहाता. तो जिथे उभा, तिथे पिणारे बसले. तुमच्या गल्लीत नेमका तो कुठे उभा राहतो बघा, मारामारीची जागा त्याच्यापासून लांब नसेल.

दुकान पूर्णच हटवा म्हणण्याबद्दल. हे खूप परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचं दुकान शाळा किंवा मंदिरापासून १०० मीटरच्या आत असेल तर मागणी सरळ आहे, टेप घेऊन स्वतः भांडू नका, मोजणी करून लेखी द्या म्हणा. आत नसेल तर दुकान सरकेल ते पुढच्या कॉलनीत, आणि तुमच्या कॉलनीतले पिणारे तिथून पिऊन गाडी चालवत परत येतील. शिवाय आपल्याकडे ठेका ३१ मार्चपर्यंतचा असतो, ठेकेदाराने वर्षभराचे पैसे कबूल केलेले असतात, म्हणून सप्टेंबरात निवेदन दिलं तर सगळे गोड बोलून परत पाठवतात. पुढच्या वर्षाच्या जागा जानेवारी ते मार्चमध्ये ठरतात, जोर तेव्हा लावा. आणि आसपासची सगळीच दुकानं उठवा असं म्हणाल तर ती जागा पैकारीवाले घेतात, म्हणजे ठेक्यावरचाच माल घरातून विकणारे, किंवा त्याहून वाईट. २०२१ च्या जानेवारीत मुरैन्यात विषारी दारूने वीसच्या वर माणसं गेली, त्याच जुलैत मंदसौरला आणि आपल्या इंदुरातही गेली, त्यानंतर कायद्यात फाशीपर्यंतची शिक्षा आली. माझे मेव्हणे वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहतात, गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे, त्यांना मी नेहमी चिडवतो की तुमची बंदी आमच्या झाबुआ-अलीराजपूरच्या रस्त्याने रोज ट्रकमध्ये बसून येते.

तरी बंदीचा फायदा काहीच नाही असं म्हणणंही खोटं ठरेल. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून बंदी आहे, कोर्टं दारूच्या केसेसनी तुंबली, डिसेंबर २०२२ मध्ये सारणला विषारी दारूचं मोठं कांडही झालं, पण २०२४ मध्ये लॅन्सेटच्या एका जर्नलमध्ये जो अभ्यास आला त्यात नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीची सुमारे २१ लाख प्रकरणं टळल्याचा अंदाज आहे. हे आकडे थान्यातून आलेले नाहीत, घरोघर जाऊन बायकांना विचारून केलेल्या सर्वेक्षणातून आलेत, आणि म्हणूनच मी ते जास्त मानतो. घरातली मारहाण थान्याच्या तक्त्यात येतच नाही. अहाते बंद होऊन पिणं घरात शिरलं त्याचा हिशोब आपल्याकडे कोण मांडतंय? गल्लीतली मारामारी कमी झाली आणि भिंतीआडची वाढली तर निवेदन देणाऱ्या संघाला ते दिसणारही नाही, म्हणून बायकांना वेगळं बसवून विचारा, संघाच्या मिटिंगमध्ये नको.

आता काम. निवेदन द्यायच्या आधी चार आठवडे एक वही ठेवा. तारीख, वार, घड्याळातली खरी वेळ, कुठे, काय झालं, ११२ ला फोन केला का. वेळेचं एवढं का म्हणतोय तर एफआयआरमध्ये वेळ हेड साहेब (हेड कॉन्स्टेबल) लिहितात, 'रात करीबन ग्यारह बजे', त्यांच्या हातून इंदूरच्या सगळ्या मारामाऱ्या बरोबर दहाला, बरोबर अकराला होतात. फोनच्या कॉलला मशीनची वेळ असते, ती खरी. म्हणून किरकोळ वाटलं तरी फोन करा, केस नको असली तरी कॉलची नोंद राहते. थान्यात गेलात आणि अदमचेक (अदखलपात्र तक्रारीची नोंद) लिहून परत पाठवलं तर तेही चालेल, कागदाची प्रत घ्या.

दुसरं, पहाटे झाडायला येणाऱ्या निगमच्या ताईंना विचारा. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं, रोज झाडलं जातं, म्हणजे सकाळी जे रिकामे पाव आणि ग्लास सापडतात ते फक्त काल रात्रीचे. कुठल्या ओट्याखाली किती, हे त्यांना थान्यापेक्षा पक्कं माहीत असतं. रोज मोजून वहीत लिहा. वेल्समधल्या कार्डिफमध्ये एका जबड्याच्या सर्जनने असंच काहीसं केलं होतं, मारहाणीत जखमी होऊन येणारे कितीतरी लोक पोलिसांकडे जातच नाहीत हे त्याच्या लक्षात आलं, मग दवाखान्यात नुसतं 'कुठे झालं आणि किती वाजता' एवढं विचारून, नाव काढून, ती यादी पोलिसांना द्यायला सुरुवात केली. गस्त त्याप्रमाणे लागली आणि मारहाणीने भरती होणारे तशाच इतर शहरांच्या तुलनेत खूप कमी झाले. आपल्या एमवाय हॉस्पिटलमध्ये मुलाहिज्याच्या (जखमीच्या तपासणीच्या) कागदावर दारूचा वास आला की नाही हे डॉक्टर लिहितातच, पण ते कागद एकत्र करून कुणी बघत नाही.

वही भरली की निवेदनात दुकान आणि अहाता दोन्ही बाजूला ठेवून हे मागा: ग्लास-चखण्याच्या गाड्या कलारीच्या रस्त्यावरून निगमने हटवाव्यात, तुमच्या वहीत ज्या वेळा जास्त येतील त्याच वेळेत गस्त द्यावी (दुपारी तीनला येऊन सह्या करणारी गस्त नको), त्या ओट्यांवर दिवे लावावेत, ठेकेदाराने शटर वेळेवर पाडावं आणि नंतर बाजूच्या खिडकीतून विकू नये. रंगपंचमीच्या गेरीला (रंगाच्या मिरवणुकीला) किंवा विसर्जनाला जास्त त्रास असेल तर त्या दिवसापुरतं दुकान बंद ठेवायचा अधिकार कलेक्टरांना आबकारी कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे, ते कलम नावानिशी लिहा, बाबू लोक कलम पाहिलं की कागद खाली ठेवत नाहीत. रोजची वेळ कमी करणं मात्र राज्याच्या धोरणात ठरतं, ते जिल्ह्यात होणार नाही, तरी मागणी नोंदवा, दहाला बंद झालं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक, आधीच सांगून ठेवतो. तुमचं ऐकून पोलिसांनी खरंच काम केलं तर रस्त्यावर पिणाऱ्यांवर ३६ ब च्या केसेस पडतील, तुमच्या थान्याचा आबकारीचा आकडा दुप्पट होईल, आणि पेपरात येईल की ह्या भागात गुन्हे वाढले. तेव्हा संघातले काही काका घाबरून म्हणतील कॉलनीचं नाव खराब झालं, घरांचे भाव पडतील, निवेदन मागे घ्या. घेऊ नका. वही चालू ठेवा, तीन महिन्यांनी सकाळच्या पावांचा आकडा आणि रात्रीच्या कॉलचा आकडा शेजारी शेजारी मांडून इथे टाका, कॉलनीचं नाव न लिहिता. शनिवार-रविवार वेगळे काढून लावायचे असतात ते मी लावून देईन.